जुन्या व्हिडिओ गेमच्या पीसीबी दुरुस्त करायची टूल्स: काय घ्यावं, काय नंतर घ्यावं (बडोद्यातून)

आधीच सांगून टाकतो, बजेट कमी असेल तर स्कोपच्या (ऑसिलोस्कोप, सिग्नल स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) मागे लागू नका. एक लॉजिक प्रोब घ्या, एक ईप्रॉम (गेमचा प्रोग्राम आणि चित्रं साठवणारी चिप) वाचणारा-लिहिणारा प्रोग्रामर घ्या आणि अर्डुइनो मेगा ह्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर बनतो तो इन-सर्किट टेस्टर घरी बनवा. आपल्याकडे जे जुने आर्केड बोर्ड सापडतात त्यांचे बहुतेक फॉल्ट ह्या तिघांत पकडले जातात, आणि तिन्हींचा मिळून खर्च एका साध्या मोबाइलच्या आत बसतो. यूट्यूबवर जे रिपेअरवाले दिसतात त्यांच्या मागे शेल्फवर स्कोपची रांग असते, पुढ्यात जपानी ओरिजिनल बोर्ड असतो, ते बघून माणूस घाबरतो आणि बोर्ड परत माळ्यावर टाकतो. मला ते बघवत नाही म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे हे आधी समजून घ्या, कारण टूल त्यावरच ठरतं. नव्वदच्या दशकात रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी ह्या भागात शाळा सुटली की ज्या गेमच्या दुकानात पोरं घुसायची तिथल्या कॅबिनेटमध्ये बहुतेक कॉपी बोर्डच असायचे, ओरिजिनल क्वचित. मुस्तफा म्हणून जो गेम आपण सगळ्यांनी खेळला, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, त्याचीसुद्धा कॉपीच. आता गंमत अशी की दुरुस्तीला कॉपी बोर्ड ओरिजिनलपेक्षा सोपा पडतो. ओरिजिनलमध्ये कंपनीच्या स्वतःच्या कस्टम चिपा असतात, त्या गेल्या की दुसरा बोर्ड फोडल्याशिवाय मिळत नाहीत, आणि कॅपकॉमच्या काही बोर्डांत तर बॅटरी असते, ती संपली की बोर्ड बंद. कॉपीवाल्यांकडे त्या कस्टम चिपा नव्हत्याच, त्यांनी तेच काम ७४ सिरीजच्या साध्या लॉजिक चिपांचं रान उभं करून केलं. बोर्ड मोठा होतो, दिसायला भयंकर, पण प्रत्येक चिप बाजारात मिळते आणि प्रत्येक पायावर काय असायला पाहिजे ते डेटाशीटमध्ये छापलेलं आहे. म्हणून आपल्याला चिप-चिप तपासणारी टूल्स जास्त कामाची.

टूलच्या आधी एक गोष्ट, मल्टिमीटर. कुठलाही चालेल, मी साधा मासटेक वापरतो. पण ५ व्होल्ट कनेक्टरवर मोजू नका, पॉवर जिथून येते तिथून सगळ्यात लांब असलेल्या चिपच्या पायावर मोजा. टीटीएलला, म्हणजे ह्या ७४ सिरीजच्या चिपांना, ४.७५ ते ५.२५ पाहिजे, कनेक्टरवर ५.१ दिसतात आणि बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला ४.६ पोचतात असं जुन्या काळवंडलेल्या जामा कनेक्टरमध्ये (बोर्ड कॅबिनेटला जोडणारा) नेहमी होतं. गेम रिसेट होत राहतो, स्प्राइट (हलणारी चित्रं) तुटतात, आणि माणूस चिपा बदलत बसतो. आर्केडच्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) व्होल्टेजचा स्क्रू असतो, तो फिरवायच्या आधी कनेक्टर साफ करा.

आता लॉजिक प्रोब. पेनासारखं असतं, दोन क्लिपा बोर्डाच्याच ५ व्होल्टला लावायच्या (१२ ला लावू नका, जामा कनेक्टरवर दोन्ही जवळजवळच असतात), टोक चिपच्या पायाला टेकवायचं, हाय, लो आणि पल्स असे तीन दिवे. टीटीएल आणि सीमॉस असा स्विच असतो, आपलं काम टीटीएलवर. पाचशे-हजाराच्या आसपास येतो आणि माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त न्याय देणारं टूल हेच. ह्याची खरी ताकद दिवे लागण्यात नाही, न लागण्यात आहे. टीटीएलमध्ये ०.८ व्होल्टच्या खाली लो आणि २ व्होल्टच्या वर हाय, मधल्या जागेत काही असेल तर प्रोबचा एकही दिवा लागत नाही. चिपचा आउटपुट आतून तुटला असेल तर ती लाइन दीड व्होल्टच्या आसपास लटकत राहते, पुढची चिप ते हाय समजून चालते, स्क्रीनवर भलतंच दिसतं, आणि प्रोबवर मात्र शांतता. फुजित्सूच्या टीटीएल चिपा, ज्यांचा नंबर एमबी७४एलएस असा सुरू होतो, त्या ह्या बाबतीत जगभर बदनाम आहेत, बोर्डावर त्या दिसल्या की मी दुसरीकडे बघतच नाही, आधी त्यांचे आउटपुट बघतो.

पण नवीन माणूस इथे एका ठिकाणी फसतो, तेवढं सांगतो. ७४एलएस२४५ सारखी बसवरची (सगळ्या चिपांच्या सामाईक लाइनींवरची) चिप मुद्दाम मधेमधे आउटपुट सोडून देते, तिथे दिवे न लागणं हा फॉल्ट नाही. आधी १९ नंबरचा पाय बघा, तो इनेबल आहे. तो कायम हाय असेल तर ही चिप बिचारी गप्पच बसणार, तिला कोणी बोलायला सांगितलेलंच नाही, फॉल्ट मागे आहे. तो पल्स देतोय, १ नंबरवर दिशा बरोबर आहे, एका बाजूच्या आठही पायांवर हालचाल आहे आणि दुसऱ्या बाजूला सात पाय नाचतायत आणि एक थंड, तर मग ती चिप काढा. एवढं पाच मिनिटात कळतं आणि ह्यासाठी स्कोप लागत नाही.

बोर्ड पूर्ण मेलेला असेल, म्हणजे स्क्रीनवर नुसता कचरा किंवा काळं, तेव्हा प्रोब सीपीयूवर. सीपीयू झेड-८० असेल तर ६ नंबरवर क्लॉक पाहिजे, २६ नंबर रिसेट आहे तो चालू केल्यावर हाय जाऊन हायच राहिला पाहिजे. ६८००० असेल तर १५ वर क्लॉक, १७ हॉल्ट, १८ रिसेट. रिसेट पाय ठराविक वेळाने लो-हाय लो-हाय करत असेल तर तो वॉचडॉग आहे, म्हणजे प्रोग्राम नीट चालत नाहीये हे बघून सर्किट सीपीयूला परत परत उठवतंय. ही चांगली बातमी समजा, कारण क्लॉक आणि रिसेटचं सर्किट जिवंत आहे, आता रॉम किंवा रॅम बघायची.

रॉमवरून प्रोग्रामर. माझ्याकडे एक्सजीक्यूचा टी४८ आहे, आधी त्याच कंपनीचा टीएल८६६-टू प्लस वापरलाय. दोघांत आपल्या कामासाठी मोठा फरक एकच, जुन्या २७१६ आणि २७३२ ईप्रॉम लिहायला २५ व्होल्ट लागतात, टीएल८६६ १८ पर्यंतच जातो, टी४८ पंचवीस देतो. पॅकमॅनच्या काळातले, म्हणजे १९८० च्या आसपासचे बोर्ड हाताळायचे असतील तर टी४८ च घ्या. नुसत्या नव्वदच्या दशकातल्या बोर्डांवर काम असेल तर कोणाकडे जुना टीएल८६६ स्वस्तात मिळाला तर तोही उत्तम, त्या ईप्रॉमना १२-१३ व्होल्ट पुरतात. आणि नुसतं वाचायला तर ५ व्होल्टच लागतात, जे आपलं नव्वद टक्के काम आहे.

वापरायची पद्धत अशी: ईप्रॉम काढा, वाचा, फाइल सेव्ह करा, मेम (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) ह्यात रॉम ओळखायची कमांड आहे, रोमआयडेंट, तिला ती फाइल द्या, ही कुठल्या गेमची कुठली चिप ते नावासकट सांगते. ओळखली म्हणजे चिप शंभर टक्के बरोबर, एक बिट सुद्धा इकडे तिकडे नाही. नाही ओळखली तर लगेच चिप खराब म्हणू नका, परत वाचा. दोन्ही वेळेला सारखंच आलं तर एक तर डेटा उडालाय किंवा ही कॉपीची अशी आवृत्ती आहे जी मेममध्ये नाही, आणि आपल्याकडे असे बोर्ड निघतात. दोन वाचनांत फरक आला तर बहुधा संपर्काचा प्रॉब्लेम आहे.

मुस्तफाच्या एका कॉपी बोर्डावर हे अगदी नमुनेदार दिसलं. ह्या कॉपीत ६८००० तोच, पण कॅपकॉमचं क्यूसाउंड हे आवाजाचं सर्किट काढून त्याजागी ओकीची एम६२९५ ही आवाजाची चिप आणि एक पीआयसी१६सी५७ कंट्रोलर बसवलेला असतो, मेममध्येही ती वेगळी नोंदलेली आहे. गेम चालत होता, आवाज येत होता, पण माणसांच्या अंगावर उभ्या रेघा, हिरो जॅकचा चेहरा जाळीतून बघितल्यासारखा. मागचं सीन पण तसंच. म्हणजे प्रोग्राम ठीक, ग्राफिकच्या ईप्रॉमांपैकी एक नीट बोलत नाही. एकेक काढून वाचल्या, सगळ्या पास आणि एक अशी की दर वाचनाला चेकसम (सगळ्या डेटाची बेरीज) वेगळा. उजेडात धरली तर पाय काळे कुळकुळीत, चांदीचा मुलामा काळा पडतो तसा. खोडरबराने प्रत्येक पाय दोन्ही बाजूंनी घासला, तळाला चांदीसारखा चमकेपर्यंत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, परत वाचली, ओळखली. सॉकेट मात्र बदललंच, कारण ह्या कॉपीवाल्यांनी एका बाजूने चिमटणारी स्वस्तातली सॉकेटं लावलीत, ती एकदा सैल झाली की झाली. बडोद्याच्या दमट हवेत हा फॉल्ट सगळ्यात कॉमन आहे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरलं त्यांच्या बोर्डांबद्दल तर बोलायलाच नको. असा भिजलेला बोर्ड असेल तर करंट देऊन बघायचा मोह आवरा, आधी स्वच्छ पाण्याने आणि ब्रशने चिखल काढा, मग आयसोप्रोपिल, मग चांगला वाळू द्या.

टी४८ मध्ये ७४ सिरीजच्या चिपा टेस्ट करायची सोय आहे, काढलेली चिप खरंच खराब होती का हे बघायला छान. पण तो टेस्ट हळू स्पीडवर आणि लोड न लावता होतो, त्यामुळे तिथे फेल झाली म्हणजे नक्की फेल, पास झाली म्हणजे बहुधा पास, इतकाच अर्थ घ्या. ८२एस१२३ आणि ८२एस१२६ ह्या बायपोलर प्रॉम, ज्यात पॅकमॅनचे रंग असतात, त्या ह्याच्यावर लिहिता येत नाहीत, तेवढं धरून चाला. आणि २५३२ नावाची ईप्रॉम दिसली तर ती २७३२ नाही, दोन्ही ४ केबी, दोन्हींना २४ पाय, पण पायांची जागा वेगळी, अडॅप्टर लागतो.

आता मुख्य टूल, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

प्रोब आणि प्रोग्रामर दोन्ही चांगले पण दोन्हींना एक मर्यादा आहे, मेलेला बोर्ड स्वतःहून काही सांगत नाही. सीपीयू उठतो, पहिली रॅम तपासतो, अडकतो, वॉचडॉग रिसेट करतो, परत तेच, आणि बसवर इतकी गर्दी असते की कोण चुकतंय कळत नाही. डेटा बस ही वाड्यातल्या एका सामाईक जिन्यासारखी असते, रॉम, रॅम, बफर (सिग्नल पुढे ढकलणाऱ्या चिपा) सगळे त्याच वाटेने ये-जा करणार, एकजण मधे आडवा बसला की सगळेच अडकतात आणि खालून बघणाऱ्याला वाटतं सगळेच बिघडलेत. ह्याला उपाय म्हणजे सीपीयूच काढून टाकायचा आणि त्याच्या जागी असं काहीतरी बसवायचं जे आपल्या हुकमाने एका वेळेला एकच पत्ता उघडेल, तिथे लिहील, वाचेल आणि काय मिळालं ते सांगेल.

हे काम करणारं मूळ मशीन म्हणजे फ्लूकचं ९०१०ए, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. सुटकेससारखं जड, वर कीबोर्ड आणि एका ओळीचा डिस्प्ले, आत छोट्या कॅसेटवर प्रोग्राम साठवायची सोय, आणि प्रत्येक सीपीयूसाठी वेगळा पॉड. पॉडमध्ये त्याच जातीचा खरा सीपीयू असतो, म्हणून बोर्डाला कळतही नाही की आपला मालक बदललाय. बस टेस्ट, रॅम शॉर्ट, रॅम लाँग, रॉमची सिग्नेचर, सगळं एकेका बटनावर. अटारी सारख्या कंपनीने तर ह्याच विचाराने स्वतःचा कॅट बॉक्स बनवला होता, सर्व्हिसवाल्यांना द्यायला. आजही ज्यांच्याकडे ९०१०ए आहे ते तो सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण आपल्याला तो परदेशातून जुना मागवायचा, वजनाची शिपिंग, वर कस्टम ड्युटी, पॉड वेगळा विकत, कॅसेटचे बेल्ट विरघळलेले, इतकं करून बडोद्यात आणायची शिफारस मी करणार नाही.

त्याऐवजी अर्डुइनो मेगावरचा इन-सर्किट टेस्टर. हा ओपन सोर्स आहे, कोड फुकट, बोर्डाचं डिझाइन फुकट. मेगा का, तर त्याला ५४ डिजिटल आणि १६ अॅनलॉग पिना आहेत, झेड-८० चे ४० पाय आरामात सामावतात, आणि दुसरं म्हणजे मेगा ५ व्होल्टचा आहे, टीटीएलशी थेट बोलतो. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय ३.३ व्होल्टचे, ते ह्या कामाला लावू नका, मधे लेव्हल बदलणाऱ्या चिपा टाकाव्या लागतात. वर १६ बाय २ चा तो निळा एलसीडी आणि पाच बटनांचा शील्ड बसतो, खालून रिबन केबल, तिच्या टोकाला ४० पायांचा प्लग, तो बोर्डावरच्या रिकाम्या सीपीयू सॉकेटात. क्लोन मेगा, एलसीडी आणि बाकी किरकोळ मिळून दोन हजारांच्या आसपास गोष्ट जाते. सीपीयू बोर्डाला थेट सोल्डर केलेला असेल तर तो काढून सॉकेट लावायलाच लागतं, ते काम सावकाश करा, ४० पाय आहेत.

काम कसं करतं ते एका पॅकमॅन कॉपीवर दाखवतो. स्क्रीनवर अक्षरांचा कचरा, स्थिर, हलत नाही. प्रोबने क्लॉक ठीक, रिसेट दर थोड्या वेळाने पडतोय, प्रोग्रामची रॉम प्रोग्रामरमध्ये पास. झेड-८० काढला, टेस्टर लावला. पहिली बस टेस्ट, पास, म्हणजे कुठलीही लाइन ग्राउंडला किंवा एकमेकींना चिकटलेली नाही. मग रॉम, पास. मग रॅम. पॅकमॅनमध्ये ४००० पासून, हेक्समध्ये, व्हिडिओ रॅम, ४४०० पासून कलर रॅम, ४सी०० पासून कामाची रॅम, आणि हे सगळं २११४ चिपांवर. २११४ म्हणजे १०२४ जागा पण रुंदी फक्त ४ बिट, म्हणून प्रत्येक १ केबीला दोन चिपा, एक खालचे चार बिट सांभाळते, एक वरचे. टेस्टरने व्हिडिओ रॅम पास केली, कलर रॅम पास केली आणि ४सी०० वर थांबला: लिहिलं ००, वाचलं २०. परत चालवलं, परत तेच, एकच बिट, पाच नंबरचा, कायम एक. पाच नंबर म्हणजे वरच्या चारांतला. म्हणजे सहा २११४ पैकी कामाच्या रॅमची वरचे चार बिट सांभाळणारी बदलायची हे एका ओळीवरून कळलं (ती बोर्डावर कुठे आहे ते डायग्राममध्ये बघायचं), आणि हेही कळलं की बफर ठीक आहे, कारण बफरचा तो बिट गेला असता तर दुसऱ्या पत्त्यांवर पण तोच बिट चुकला असता. एवढी माहिती त्या एका ओळीत आहे. चिप काढली, सॉकेट लावलं, नवी टाकली, झेड-८० परत बसवला आणि तो ओळखीचा निळा भुलभुलैया स्क्रीनवर उभा राहिला. अशा वेळी जो आनंद होतो तो मी शब्दात सांगायचा प्रयत्न करत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

मर्यादा पण नीट सांगायला पाहिजेत. हा टेस्टर सीपीयूचे सिग्नल सॉफ्टवेअरने हलवतो, त्यामुळे खऱ्या झेड-८० पेक्षा खूप हळू चालतो. चिप पूर्ण मेली असेल तर पकडतो, पण जी चिप हळू वाचली की बरोबर आणि ३.०७२ मेगाहर्ट्झच्या खऱ्या स्पीडला चुकते, ती ह्याच्यात पास होऊ शकते. गरम झाल्यावर बिघडणारी चिप तर टेस्ट चालू ठेवून, हेअर ड्रायर मारून पकडावी लागते. दुसरं, प्रत्येक गेमचा मेमरी मॅप कोडमध्ये द्यावा लागतो, काही गेम तयार आहेत, आपल्याकडच्या विचित्र कॉपीसाठी मेमचा सोर्स उघडून पत्ते बघायचे आणि स्वतः टाकायचे, थोडं सी येत असेल तर संध्याकाळचं काम. तिसरं, हा आठ बिटवाल्यांसाठी आहे, झेड-८०, ६५०२ वगैरे. मुस्तफासारख्या ६८००० च्या बोर्डावर मी हा वापरत नाही, तिथे टेस्ट करणारा छोटा प्रोग्राम दोन ईप्रॉमांवर लिहून, एक सम पत्त्यांची एक विषम, गेमच्या रॉमच्या जागी लावतो. निओ जिओ (एसएनके कंपनीची आर्केड सिस्टीम) असेल तर त्याच्यासाठी तयार डायग्नोस्टिक बायोस मिळतो, फार सुंदर बनवलाय, स्क्रीन नसली तरी बीप वाजवून सांगतो.

ज्यांना मेगाचा पण खटाटोप नको त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे नॉप टेस्ट. ४० पायांचं एक सॉकेट घ्या, झेड-८० त्यात बसवा, पण आठ डेटा पाय बोर्डाकडे जाऊ न देता वरच ग्राउंड करा. झेड-८० ला कायम ०० वाचायला मिळतं, ०० म्हणजे काही करू नको, पुढे चल, मग तो पत्ते एकेक करून मोजत सुटतो. आता ए० ते ए१५ सगळ्या अॅड्रेस लाइनींवर प्रोब फिरवा, प्रत्येकीवर पल्स पाहिजे, जिथे नाही तिथे फॉल्ट. स्कोप लावलात तर गोंधळू नका, झेड-८० मधेमधे रॅम रिफ्रेशचा पत्ता पण त्याच लाइनींवर टाकतो, त्यामुळे वरच्या लाइनी अखंड चौकोनी न दिसता कातरलेल्या दिसतात, ते नॉर्मल आहे.

स्कोपचं थोडक्यात. घ्यायचाच असेल तर रायगोलचा डीएस१०५४झेड किंवा त्या वर्गातला घ्या, ५० मेगाहर्ट्झ, चार चॅनल, आर्केडला पुरून उरतो. तो छोटा डीएसओ१३८ किट स्वस्त आहे म्हणून घेऊ नका, २०० किलोहर्ट्झपर्यंतच बघतो, पॅकमॅनचा क्लॉक सुद्धा त्याला दिसणार नाही. आठ चॅनलचा तो स्वस्त २४ मेगाहर्ट्झ लॉजिक अॅनलायझर मात्र जरूर घ्या, पल्सव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, चिपचा इनेबल, क्लॉक आणि डेटा एकत्र बघायला फार उपयोगी. फक्त तो हाय किंवा लो असंच दाखवतो, मधे लटकलेली लाइन त्याला कळत नाही, ते काम परत प्रोबचंच.

एचपीचा १०५२९ए लॉजिक कंपेरेटर हा माझा आवडता जुना प्रकार, चिपवर चिमटा लावायचा, आत त्याच नंबरची चांगली चिप ठेवायची, दोन्हींचे आउटपुट वेगळे आले तर त्या पायाचा दिवा लागतो. कुठे मिळाला तर सोडू नका. नाही मिळाला तर चांगली चिप संशयित चिपच्या पाठीवर पाय जुळवून दाबून धरायची, पिगीबॅक म्हणतात, रॅम आणि आउटपुट तुटलेल्या चिपांना चालतं. आउटपुट ग्राउंडला शॉर्ट असेल तर चालत नाही, उलट वरची चिप गरम होते, लगेच काढा.

गरम वरून आठवलं. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांनी त्या काळात टीव्ही आणि गेमचे बोर्ड दोन्ही केलेत. त्यांना मी विचारलं, "काका, तुमच्याकडे तर ह्यातलं काहीच नव्हतं, चिप कशी शोधायचात?" तर म्हणाले, "अरे, बोट लावून. चटका देते ती काढ, नवी टाक, पुढचं गिऱ्हाईक उभं असायचं." आणि ही पद्धत आजही मी पहिल्या मिनिटाला वापरतो, फक्त एक ध्यानात ठेवा, बायपोलर प्रॉम आणि जुन्या पॅल चिपा (प्रोग्राम करायच्या लॉजिक चिपा) चांगल्या असताना पण बऱ्यापैकी तापतात. काकांना टेस्टर दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ त्यावरचा डिस्प्ले वाचला आणि विचारलं, "हे पाच नंबर बिट म्हणजे कुठली चिप, ते पण हेच सांगतं?" बोर्डावरची नेमकी कुठली चिप ते मात्र हा सांगत नाही, सर्किट डायग्राम बघूनच ठरवावं लागतं, आणि कॉपी बोर्डांचे डायग्राम मिळत नसल्याने ओरिजिनलचा डायग्राम आणि कंटिन्युइटीचा बीप ह्यांच्यावर भागवावं लागतं.

सुटे भाग घेताना एक काळजी. २११४ सारख्या जुन्या रॅम आता नव्या बनत नाहीत, ऑनलाइन जे मिळतं ते बहुतेक जुन्या बोर्डांवरून काढलेलं किंवा घासून नवा नंबर छापलेलं. मी एका विक्रेत्याकडून मागवलेल्या रॅमच्या पाकिटात अर्ध्याच चालल्या, बाकीच्यांनी एक अक्षर धरून ठेवलं नाही. अर्डुइनो उनोवर २११४ चा टेस्टर सहज होतो, दहा अॅड्रेस, चार डेटा, दोन कंट्रोल, सोळाच लाइनी, बोर्डात लावायच्या आधी प्रत्येक चिप त्यावर चालवून घ्या. फ्लक्स, सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी, आयसोप्रोपिल, सोल्डरिंगचं साहित्य मरीमातेच्या खांच्यात मोबाइलवाल्यांकडे सगळं मिळतं आणि ते लोक सोल्डरिंग बघून घेतात, नवीन असाल तर त्यांच्याशी बोला. जुने बोर्ड शुक्रवारी बाजारात भंगारवाल्यांच्या ढिगात अधूनमधून दिसतात, पण तिथे किलोच्या भावाने सोन्याच्या कडांसाठी तोडून विकतात, तेव्हा कनेक्टर कापलेला नाही ना ते आधी बघा.

चिप काढायला हाताचा सकर (वितळलेलं सोल्डर ओढणारा पंप) पहिल्या बोर्डापुरता ठीक आहे. त्यानंतर पंपवाली डिसोल्डरिंग गन घ्या, हाको एफआर-३०१ परवडला तर उत्तम, नाही तर झेडडी-९१५ सारखं स्वस्त स्टेशन, नोझल वरचेवर साफ करायला लागतं पण काम करतं. कॉपी बोर्डांचे ट्रॅक फार पातळ असतात, जास्त वेळ उष्णता दिली की पॅड उचलला जातो, म्हणून चिप नक्की खराबच असेल तर तिचे पाय कटरने वरूनच कापून टाका आणि एकेक पाय वेगळा काढा. वीस रुपयाची चिप गेली तर गेली, बोर्ड परत मिळणार नाही.